शिरगणतीत मी सांगितलेलं नाव

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर वाचून बहुतेक वेळा चिडते. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाला पैंजण ऐकू येतात, आणि खाली पन्नास जण हात जोडून मोकळे होतात. मी चौतीस वर्षं मुलींना शास्त्र शिकवलं. भूत, करणी, अंगात येणं — यातल्या कशावरही माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी लिहायला बसलेय, कारण एका रविवारी दुपारी माझ्याच तोंडून असं काही बाहेर पडलं जे मला आजतागायत कशातच बसवता आलेलं नाही. आणि दुसरं, खरं तर मोठं कारण म्हणजे त्यानंतर माझ्या घरची माणसं जशी वागली तो राग. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा नाही निवला.

साल १९७३, फेब्रुवारी संपत आला होता. दुष्काळाचे दिवस. मी तेवीस वर्षांची, श्रीरामपूरला मुलींच्या शाळेत नुकती लागलेली. राहायला अण्णाकाकांकडे, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाकडे. बाबा भिंगारला लष्कराच्या एका कचेरीत कारकून होते आणि आई-बाबांचं बिऱ्हाड तिकडेच होतं. अण्णाकाका गावातल्या दुसऱ्या एका शाळेचे हेडमास्तर. सायकलवरून चाललेली माणसं त्यांना बघून खाली उतरायची, एवढा मान. मूलबाळ नव्हतं त्यांना. मलाच मुलीसारखं वागवायचे, हेही इथे लिहायला हवं. माझं लग्न नाशिकच्या एका इंजिनिअरशी ठरलं होतं, वैशाखातला मुहूर्त होता, आणि ते स्थळही अण्णाकाकांनीच आणलेलं.

तर पुण्याची सातआठ मुलं-मुली एक नाटक घेऊन आली. आमच्या शाळेच्या हॉलमध्ये, दुपारी तीन वाजता. पत्र्याचं छप्पर, भिंतीत सहा खिडक्या, बाहेर रणरणतं ऊन आणि वाऱ्याबरोबर साखर कारखान्याच्या मळीचा तो आंबूस वास... श्रीरामपूरकरांना वेगळं सांगायला नको. त्या काळी आम्हाला नाटक म्हणजे पडदा, रंगवलेला बंगला, सोफा. इथे यातलं काहीच नव्हतं. स्टेज रिकामा. सतरंज्या चारी बाजूंनी टाकलेल्या आणि मधे एक टेबल, त्यावर एक लांबलचक रजिस्टर.

दाढीवाला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "हे नाटक आम्ही करणार नाही, तुम्ही करणार. ही शिरगणती आहे. आमचे लोक सरकारी प्रगणक आहेत. ते तुमच्यात येऊन प्रश्न विचारतील. अट एकच, स्वतःचं खरं नाव-गाव सांगायचं नाही. जे सुचेल ते माणूस व्हा."

दोनच वर्षांपूर्वी खरी जनगणना झाली होती. शिक्षकांनीच घरोघर फिरून ती केली होती, त्यामुळे हॉलमध्ये हशा पिकला. पहिल्या रांगेत चार खुर्च्या होत्या प्रतिष्ठितांसाठी. त्यातल्या एकीवर अण्णाकाका.

सुरुवात मजेत झाली. आमच्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी स्वतःला संस्थानिक म्हणवून घेतलं. एका व्यापाऱ्याने "धंदा — संन्यास" असं सांगून टाळ्या घेतल्या. माझ्या शेजारी आमच्या शाळेतली कुसुम बसली होती. मी तिच्या कानात सांगून ठेवलं होतं की माझ्यापर्यंत आले तर मी चंपाबाई, सर्कशीत सिंहाला जेवू घालते. हे मुद्दाम लिहितेय. मी काय बोलायचं ते ठरवून बसले होते आणि त्याला साक्षीदार होता.

प्रगणक झालेला एक चष्मेवाला मुलगा माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला. मांडीवर रजिस्टर.

"नाव?"

"कुमुद," मी म्हणाले.

डोकं जड झालं, अंग थंड पडलं, असलं काहीही झालं नाही. भान पूर्ण होतं. पाढे म्हणताना जीभ आपली पुढे जाते ना, तशी जात होती. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, अगं चंपाबाई म्हण की...

"वय?"

"पंचेचाळीस."

लोक हसले. तेवीस वर्षांची मुलगी पंचेचाळीस सांगतेय म्हणून.

"पत्ता?"

"पत्ता मला सांगितलेला नाही. खिडकीतून वीटभट्टी दिसते. पलीकडे लिंबांची बाग आहे, कागदी लिंबांची. यंदा वाळली."

"घरात माणसं किती?"

"अकरा जणी. नाही, दहा. पारूबाई शुक्रवारी गेली."

आता कुणी हसत नव्हतं. त्या मुलाने लिहायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असणार, बाई कसलेली आहे.

"तुमच्या घरचे कोण?"

"दोन भाऊ. थोरल्याने आणून सोडलं. दिवाळीला न्यायला येतो म्हणाला."

"कुठल्या दिवाळीला?"

"ते नाही सांगितलं."

"आणखी काही नोंद करायची आहे?"

"हाक मारायची असली तर उजवीकडून मारा. डाव्या कानाने ऐकू येत नाही."

टाळ्या पडल्या. खूप पडल्या. कुसुमने मला चिमटा काढला आणि म्हणाली, "सर्कस कुठे गेली गं तुझी?" मी हसले. काय सांगणार होते मी तिला? समोर पाहिलं तर अण्णाकाका खुर्चीतून उठले होते. दोन पावलं माझ्या दिशेने आले, थांबले, आणि बाजूच्या दाराने बाहेर पडले. उन्हात, अनवाणी. चपला दाराशीच राहिल्या. आमच्या शिपायाने त्या नंतर घरी आणून दिल्या.

मला त्या वेळी माहीत नव्हतं की कुमुद नावाचं आमच्या घरात कुणी होतं. बाबांना बहीण होती हेच माहीत नव्हतं. घरात फोटो नाही, आठवण नाही, कुणी चुकूनही कधी ते नाव घेतलेलं नाही.

घरी गेले तर अण्णाकाका देवघरासमोर बसले होते. सोमवारी बाबांना ट्रंककॉल गेला आणि संध्याकाळच्या एसटीने बाबा आले. दोघे भाऊ दार लावून बोलले. मग बाबा बाहेर आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मंगल, घाबरू नकोस. तुझी एक आत्या होती. लग्नाआधीच गेली. आजारपणात नाशिकला नेली होती, तिथेच गेली. तिचं काहीतरी राहून गेलं असेल. उद्या शांत करून घेऊ."

"माझ्या तोंडून तिचं नाव कसं आलं, बाबा?"

"अंगात येतं असं कधी कधी," बाबा म्हणाले. माझे बाबा! भिंगारला दर रविवारी माझ्याकडून इंग्रजी पेपरातली शास्त्राची पानं मोठ्याने वाचून घेणारे.

मी म्हटलं, मी शुद्धीवर होते, मला काही झालेलं नाही. मला फक्त एवढं सांगा की मी जे बोलले त्यातलं खरं काय आहे. वीटभट्टी कुठली? दिवाळीचं काय? कुणी आणून सोडलं? एकही माणूस मला विचारत नव्हता की तू काय बोललीस. सगळे विचारत होते की हे तुला केव्हापासून होतंय. काकूंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. शेजारच्या बाई येऊन लांबूनच बघून गेल्या.

मंगळवारी सकाळी पुणतांब्याहून गुरुजी आले. ओटीवर पाट मांडले, दर्भ आले, मला अंघोळ करून ओल्या केसांनी बसायला सांगितलं. पाणी प्यावं म्हणून मी आत गेले, तर काकू पिंडांसाठी भात मळत बसलेल्या. हात थांबले होते. तोंडाला पदर लावून रडत होत्या.

"काकू, काय झालं?"

त्यांनी ओटीकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "हे मेलेल्या माणसाचं करतात गं. जिवंत माणसाचं करू नये. आधी एकदा केलं, तेव्हा मला ठाऊक नव्हतं. आता दुसऱ्यांदा माझ्या हातून नाही होत."

मला कळायला वेळ लागला. मग त्यांनीच भराभर सांगितलं. कुमुदला लहानपणापासून फिट यायच्या. त्या वेळी बाबांसाठी एक चांगलं स्थळ चालून आलेलं. माझ्याच आईचं. घरात फिट येणारी मुलगी आहे हे कळलं तर सोयरीक मोडेल, म्हणून अण्णाकाका तिला "औषधाला नाशिकला नेतो" सांगून घेऊन गेले आणि पंधरा दिवसांनी एकटे परत आले. गेली म्हणाले. तेरावा झाला. "तिची पिशवी मीच भरली होती," काकू म्हणाल्या. "खरंच वाटलं होतं मला. मग एकदा मे महिन्यात शाळा बंद होती म्हणून एक कार्ड घरी आलं. एरवी तिथली कार्डं ह्यांच्या शाळेच्या पत्त्यावर यायची."

डाळीच्या डब्याखालून त्यांनी ते कार्ड काढून दिलं. अकरा वर्षं तिथे ठेवलेलं. कडा पिवळ्या पडलेल्या. वर एका महिलाश्रमाचा शिक्का आणि खाली शाईने लिहिलेलं, की कुमुदबाईंची प्रकृती बरी आहे, आपल्याकडून कोणी येणार आहे का असं त्या विचारतात.

"अकरा वर्षं तुम्हाला माहीत होतं?"

"मी भित्री आहे, मंगल. तू नाहीस. जा."

मी ते कार्ड मुठीत धरून ओटीवर आले. गुरुजी संकल्प सोडायच्या तयारीत होते. मी विचारलं, "गुरुजी, माणूस जिवंत असेल तर त्याचे पिंड देतात का?"

गुरुजी बिचारे अण्णाकाकांकडे बघायला लागले. आणि अण्णाकाका माझ्याकडे न बघता, अतिशय शांतपणे म्हणाले, "गुरुजी, तुम्ही चालू ठेवा. ती बोलत नाहीये. तिच्या अंगातली बोलतेय."

हे वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही. विचार करा जरा. त्या घरात एकच माणूस असा होता ज्याला पक्कं ठाऊक होतं की कुमुद जिवंत आहे. तिची भुताटकी होणं शक्य नाही हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि त्यानेच गुरुजी बोलावले होते. कारण एकदा अंगात आलं म्हटलं की मी काहीही बोलले तरी ते माझं बोलणं उरत नव्हतं. मी ओरडले असते तर भूत ओरडलं असतं. कार्ड दाखवलं असतं तर भुताने कार्ड दाखवलं असतं. आपल्याकडे लोक अंगात येण्यावर इतक्या पटकन का विश्वास ठेवतात ते मला त्या सकाळी कळलं. भुताला हळद-कुंकू वाहिलं की काम भागतं. बाईचं ऐकून घेतलं तर मग काहीतरी करावं लागतं.

मी चपला घातल्या. बाबा "मंगल" एवढंच म्हणाले. मी थांबले, म्हटलं आता तरी हे काही बोलतील. ते बोलले नाहीत. काकूंनी मागच्या दाराने येऊन एक नवं लुगडं माझ्या हातात कोंबलं.

त्या गावाचं नाव मी देत नाही. गोदावरीच्या पलीकडे, दुसऱ्या जिल्ह्यात. दोन एसट्या बदलाव्या लागल्या आणि शेवटचे तीन मैल खडी वाहणाऱ्या एका ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून गेले. वाटेत कोरडी शेतं आणि दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं. मनात सारखं एकच होतं — तिथे काही नसू दे. आश्रम बंद पडलेला असू दे. म्हणजे मी वेडी ठरेन आणि प्रश्न मिटेल.

आश्रम म्हणजे लांबट कौलारू इमारत. ट्रकमधून उतरताच जळत्या विटांचा वास आला. समोर वीटभट्टी धुमसत होती. भट्टीच्या पलीकडे काळपट काटेरी झाडं उभी होती रांगेत, पानं गळालेली. फाटकाशी एक बाई सूप पाखडत बसली होती. मी विचारलं, "ती झाडं कसली हो?"

"लिंबाची बाग हुती. यंदा पानी न्हाई, गेली वाळून. तुमी कोन?"

"कुमुदबाईंना भेटायचंय."

तिचं सूप थांबलं. "कुमुदबाईला? तिला भेटाया आजपातुर कुनी आलं न्हाई. तुमी कोन तिच्या?"

"भाची. इथे पारूबाई म्हणून कोणी आहेत?"

"पारू गेली की हो. गेल्या शुक्रवारीच. तुमास्नी कुनी सांगितलं?"

मी तिथल्याच दगडावर बसले.

मग तिने मला मागच्या पडवीत नेलं. एक बाई भिंतीकडे तोंड करून वाती वळत बसली होती. केस बारीक कापलेले, अर्धे पांढरे. मी मागून "आत्या" म्हणाले. ती वळली नाही. पुन्हा म्हणाले. मी तिच्या डाव्या बाजूला उभी होते. मग उजवीकडे गेले आणि तेच म्हणाले, आणि तिने मान वर केली. बाबांचेच डोळे. तशीच डाव्या भुवईत उडालेली एक रेघ.

सहा वर्षांपूर्वी फिट येऊन उंबऱ्यावर पडली तेव्हा तो कान गेला, असं त्या सूपवाल्या बाईने सांगितलं. म्हणजे बघा, मी स्वतःलाच शंभर वेळा सांगून पाहिलंय की लहानपणी घरात कुणी कुजबुजलेलं कानावर पडलं असेल आणि ते मनाच्या तळाशी राहिलं असेल. नाव पडलं असेल. दिवाळी पडली असेल. पण कान सहा वर्षांपूर्वीचा, बाग त्याच वर्षी वाळलेली, आणि पारूबाई नाटकाच्या आधी दोन दिवस गेलेली. हे कुणी कुजबुजलं?

मी कोण ते सांगितल्यावर तिने माझ्या हातावरून हात फिरवला. म्हणाली, "दादाची मुलगी? म्हणजे झालं लग्न त्याचं. बरं झालं." दादा म्हणजे बाबा. मग लुगड्याची घडी उलगडून काठ बघितले आणि विचारलं, "दिवाळी आहे का?"

"नाही आत्या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी श्रीरामपूरला परतले. अण्णाकाका पेपर वाचत होते. मी समोर उभी राहून म्हटलं, "आत्या भेटली."

त्यांनी पेपर खाली ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "कशी आहे?"

शेजारच्या गावी दिलेल्या मुलीची चौकशी करतात, तसं.

"तुम्हाला माहीत होतं ती जिवंत आहे. तरी तुम्ही गुरुजी बोलावलेत."

"तू चारशे लोकांसमोर बोललीस. लोकांना काहीतरी उत्तर द्यावं लागतं, मंगल. नाशिकच्या लोकांच्या कानावर गेलं असतं."

"आणि आत्याला काय उत्तर दिलंत?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "तू रागावली आहेस, रागाव. पण एक ध्यानात ठेव. तिला नेऊन ठेवली नसती तर तुझ्या बापाचं ते लग्न झालं नसतं. तू नसतीस. मला जाब विचारायला आज इथे उभी राहिली नसतीस."

हुशार माणूस होता. माझ्या जन्माचीच पावती करून माझ्या हातात दिली त्याने. याचं उत्तर मी पन्नास वर्षं शोधतेय, मधेच रात्री-अपरात्री एखादं सुचतं आणि सकाळी पुरेसं वाटत नाही.

नाशिकच्या लोकांच्या कानावर गेलंच. त्यांनी नकार कळवला, कारण दिलं की मुलीला "बाधा" आहे. चला, निदान फिट तरी म्हणाले नाहीत. मी श्रीरामपूरची नोकरी सोडली, नगरला एका शाळेत लागले, दोन खोल्या घेतल्या आणि जूनमध्ये आत्याला आणलं. लग्न मग केलंच नाही. कुणी त्याग वगैरे म्हणू नये, इच्छाच उरली नव्हती.

नगरच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि रोज दोन गोळ्या लिहून दिल्या. त्यानंतर तिला वर्षातून एखादीच फिट यायची, पुढे तीही थांबली. दोन गोळ्या. मी डॉक्टरांना विचारलं, हे औषध नवीन निघालंय का? ते म्हणाले, छे, कितीतरी जुनं आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून मिळतंय. त्या दिवशी दवाखान्यातून घरी येईपर्यंत मी आत्याचा हात इतका घट्ट धरला होता की ती म्हणाली, "दुखतंय गं."

बाबा भेटायला आले. तिच्यासमोर जमिनीवर बसले. ती त्यांना म्हणाली, "केस गेले रे तुझे." बाबा रडले. निघताना जिन्यात मी त्यांना गाठलं आणि विचारलं, "तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"अण्णा एकटाच परत आला. अस्थी आणल्या नव्हत्या त्याने," बाबा म्हणाले. "मी कधी विचारलं नाही."

अण्णाकाकांनी कट तरी केला. बाबांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. कुणाला माफ करणं जास्त अवघड आहे, तुम्हीच ठरवा. काकू मात्र दर चार महिन्यांनी यायच्या, लाडू घेऊन. अण्णाकाका एकदाही आले नाहीत. आत्या चौदा वर्षं माझ्याकडे राहिली आणि झोपेत गेली. ती गेल्याचं कळल्यावर ते पहिल्यांदा दारात उभे राहिले, म्हातारे, काठी टेकत. "माझी बहीण आहे, अग्नी मी देतो," म्हणाले. मी दार अडवून सांगितलं, "तुमची बहीण तुम्ही सत्तेचाळीस सालीच जाळलीत. ही माझी आत्या आहे." ते परत गेले. लोकांनी मला खूप नावं ठेवली. ठेवोत. अग्नी मीच दिला.

नाटकवाल्या मुलांना मी पत्र लिहिलं होतं. त्यांनी रजिस्टरचं ते पान फाडून पाठवून दिलं. त्या चष्मेवाल्याच्या अक्षरात सगळं आहे, पारूबाईसकट. सोबत त्यांनी लिहिलं होतं की बाई, तुमच्याइतकी उत्स्फूर्त साथ आम्हाला कुठल्याच प्रयोगाला मिळाली नाही, तुम्ही आमच्यात याल का? मी उत्तर दिलं नाही.

हा अनुभव मी फार थोड्या लोकांना सांगितलाय. ऐकून कुणी म्हणतं टेलिपथी, कुणी म्हणतं देवाची योजना. योजनाच होती तर सव्वीस वर्षं देव कुठे होता, असं मी विचारते. एका बाईंनी तर आत्याच्या "आत्म्याने" मला निवडलं म्हणून माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला. अहो, आत्मा कसला? ती जिवंत होती. वाती वळत होती.

मी एकदा आत्यालाच विचारलं होतं. नगरच्या घरी, दुपारची वेळ, ती तांदूळ निवडत होती. मी तिच्या उजव्या बाजूला बसून म्हटलं, "आत्या, पारूबाई गेल्या त्याच्यानंतरचा रविवार आठवतो का? दुपारी काय करत होतीस?"

"काय करणार? निजले असेन."

"घरची आठवण काढलीस? मनात कुणाला हाक मारलीस?"

तिने खरंच आठवून पाहिलं. बोटाने एक खडा बाजूला काढला. मग म्हणाली, "नाही गं. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मारायची. रोज, खिडकीशी उभी राहून. दादाला मारायची, तुझ्या काकूला मारायची. मग सोडून दिलं."

मी तिला पुढे काही विचारलं नाही, आणि मला स्पष्टीकरण मिळालेलं नाही. तिने हाका मारणं सोडल्यावर इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून तिचं नाव कसं निघालं, ते मला माहीत नाही. ज्या दोन-तीन वर्षांत ती रोज हाका मारत होती, त्या वर्षांत आमच्या घरी सनई-चौघडा वाजला, आई माप ओलांडून आत आली, आणि माझं बारसं झालं. तेव्हा मात्र कुणाच्या अंगात काही आलं नाही.